डुकरांचे जेवण : वेळ, वाटा आणि पाणी

एका गावाच्या कडेला दोन भावांची घरे आहेत. दोन्ही घरी डुकरे पाळतात. आम्ही रात्रीच्या वर्गासाठी त्या वस्तीवर जात असू. एके दिवशी थोरल्या भावाच्या बायकोने आम्हांला वाटेत थांबवले.

"गुरुजी, जरा इकडं येऊन बघा," त्या म्हणाल्या. "दोघींच्या डुकरिणी एकाच जातीच्या. आठ दिवसांच्या अंतरानं व्याल्या. माझी नऊ पिल्लं, जावेची आठ. खायला मी काही कमी घालत नाही. मग असं का व्हावं?"

आम्ही पाहिले. थोरलीच्या गोठ्यात सात पिल्ले होती. दोन मेली होती. उरलेल्यांत तीन चांगली गुबगुबीत. चार मात्र हाडांवर आलेली, केस ताठ उभे राहिलेले. एकाच्या कानाचा लचका गेलेला. धाकटीच्या गोठ्यात आठही पिल्ले एका मापाची, अंगावर तुकतुकी असलेली.

ही गोष्ट साधी नव्हती. थोरलीच्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला जायचे होते. फीचा पैसा या डुकरांतूनच यायचा होता. व्यापारी दिवाळीच्या सुमारास येणार आणि वजनावर पैसे मोजणार. हाडांवरच्या पिल्लांना तो हातही लावीत नाही.

आम्ही म्हणालो, "वहिनी, उद्या सकाळी येतो आणि दिवसभर इथेच बसतो. तुम्ही रोजचे काम करा. आम्ही फक्त पाहतो."

आम्ही काय पाहिले

दोन्ही घरी खाणे जवळजवळ सारखेच होते. तालुक्याच्या हॉटेलांतले खरकटे, गव्हाचा कोंडा आणि थोडा मक्याचा भरडा. दोन्हीकडे दिवसाला तेवढ्याच बादल्या.

पण थोरलीकडे खाणे केव्हा मिळेल याचा नेम नव्हता. हॉटेलातून बादली आली की खाणे. कधी सकाळी दहाला, कधी दुपारी तीनला. एखाद्या दिवशी रात्र पडली तरी काही नाही. बादली आली की ती एका घमेल्यात ओतायची. सगळी डुकरे एकदम तुटून पडत. तीन दांडगी पिल्ले घमेल्यात तोंड घालून उभी राहत. बाकीची मागून ओरडत. एखादे पुढे आले तर दांडगे त्याला चावा घेई. थोड्याच वेळात घमेले रिकामे. मागच्यांच्या वाट्याला सांडलेले आणि चिखलात तुडवलेले येई. पाणी निराळे नव्हतेच. "खरकट्यात पाणी असतंय की," असे वहिनी म्हणाल्या.

धाकटीकडे सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला खाणे. तिने एक जाड पाइप उभा चिरून त्याची लांब डोणी केली होती. आठही पिल्ले ओळीने उभी राहत. कोणी कोणाला ढकलत नसे. पाण्याचे भांडे दिवसभर भरलेले असे.

खाणे सारखे, पण पद्धत निराळी. सगळा फरक तिथे होता. डुक्कर काहीही खाते, म्हणून काहीही, केव्हाही आणि कसेही घालावे, असे पुष्कळ लोकांना वाटते. ती समजूत चुकीची आहे. काय घातले याइतकेच केव्हा, किती आणि कसे घातले याला महत्त्व आहे.

डुकरीण काय शिकवते

हे शिकायला लांब जायला नको. डुकरीण आपल्या पिल्लांना कशी पाजते ते पाहा.

डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते. म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. व्याल्यावर थोड्याच दिवसांत ती पाजण्याचा एक नेम धरते. साधारण तासाभराने ती आडवी होते आणि घशातून हुंकार काढते. तो आवाज ऐकून सगळी पिल्ले धावत येतात. पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लाचा सड ठरतो. मग ते रोज त्याच सडाला लागते. पिल्ले तोंडाने आईची कास चोळतात. आईचे हुंकार भरभर होतात आणि दूध सुटते. दूध किती वेळ सुटते? उणीपुरी पंधरा-वीस सेकंद. एवढ्या वेळात जे सडाला नाही, ते उपाशी. त्याला पुढच्या पाळीपर्यंत थांबावे लागते.

म्हणजे डुकरिणीच्या घरी तीन नेम आहेत. वेळ ठरलेली. जागा प्रत्येकाची. आणि सगळ्यांचे जेवण एकदम. पिल्ले आईपासून तोडली की हे तीन नेम पाळण्याचे काम आपल्याकडे येते. आपण ते मोडले, तर दांडगी पिल्ले वाढतात आणि दुबळी मागे पडतात.

पहिला दिवस मोलाचा

पिल्लू जन्मते तेव्हा रोगाशी झगडण्याची ताकद त्याच्या अंगात जवळजवळ नसते. ती आईच्या चिकातून येते. म्हणून जन्मल्यावर होईल तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक गेला पाहिजे. एक दिवस उलटला की चिकाचा तो गुण पिल्लाच्या अंगी लागत नाही. अशक्त पिल्लू दिसले तर ते हातात घ्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि स्वतः सडाला लावा. पुढच्या सडांना सहसा दूध जास्त असते. अशक्ताला तिथे जागा करून द्या. पिल्लांना ऊबही हवी. गारठलेले पिल्लू दूध ओढत नाही.

डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी असते. रानात पिल्ले माती उकरतात, तिच्यातून त्यांना थोडे लोह मिळते. फरशीच्या गोठ्यात ते मिळत नाही. मग पिल्ले पांढरी पडतात, धापा टाकतात आणि दगावतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे.

दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लांसाठी थोडा मऊ खुराक वेगळा ठेवावा. जागा अशी करावी की पिल्ले आत शिरतील, पण आई शिरणार नाही. पहिल्यांदा ती नुसती हुंगतील. हरकत नाही. दूध तुटेपर्यंत त्यांच्या पोटाला खाण्याची सवय झाली पाहिजे. आपल्याकडे बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी पिल्ले आईपासून तोडतात. त्या दिवशी एकदम दूध बंद, जागा नवी आणि खाणेही नवे असे झाले, तर पिल्लांना हगवण लागते. म्हणून जागा बदलली तरी खाणे तेच ठेवावे. नवे खाणे जुन्यात मिसळत सात दिवसांत बदलावे.

वेळ

डुकराचे पोट गाईच्या पोटासारखे नसते. गाय एकदा चरली की रवंथ करीत बसते. डुकराचे पोट आपल्यासारखे एक कप्प्याचे. ते रवंथ करीत नाही. नुसत्या कडब्यावर ते जगत नाही. फार वेळ उपाशी ठेवून मग एकदम पोटभर घातले, तर त्याचे पोट बिघडते. वरचेवर उपास घडले तर पोटात व्रण होतात. पिठासारखे बारीक दळलेले धान्य घातले तरी व्रण होतात. म्हणून धान्याचा भरडा करावा, पीठ करू नये.

डुक्कर हुशार जनावर आहे. बादलीचा आवाज ते ओळखते. जेवणाची वेळ ओळखते. त्या वेळी खाणे आले नाही तर ते बेचैन होते, ओरडते, शेजाऱ्याला चावते. रोजच अशी वाट पाहावी लागली तर त्याचा जीव कायम टांगणीवर राहतो. अशा डुकराच्या अंगी खाल्लेले लागत नाही.

वाढत्या डुकरांना दिवसातून दोनदा, लहान पिल्लांना तीन-चार वेळा खाऊ घाला. वेळ ठरवा आणि ती पाळा. उन्हाळ्यात पहाटे आणि दिवस मावळल्यावर घाला. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. भर दुपारी ते खाणे टाकून सावलीत पडून राहते. मग बादलीतले खाणे आंबून जाते.

वाटा

सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी डोणी लांब हवी. वाढत्या डुकराला वीतभर जागा पुरते. पूर्ण वाढलेल्याला एक फूट लागते. आठ मोठी डुकरे असतील तर डोणी आठ फूट हवी. तेवढी नसेल तर दोन ठिकाणी दोन ठेवा.

लहान-मोठी डुकरे एकत्र कोंडू नका. एका मापाची डुकरे एका ठिकाणी ठेवा. मागे पडलेली पिल्ले वेगळी काढा. मात्र रोज अदलाबदल करू नका. नवीन डुक्कर आत आले की मोठेपणा कोणाचा हे ठरवायला ती पुन्हा भांडतात.

किती घालावे? सुका खुराक मोजायचा तर २० किलोच्या डुकराला दिवसाला सुमारे १ किलो, ५० किलोच्या डुकराला सुमारे २ किलो आणि ८० किलोच्या पुढे अडीच ते तीन किलो. खरकट्यात निम्म्याहून जास्त पाणीच असते. म्हणून बादली भरली म्हणजे पोट भरले असे समजू नका. अर्ध्या तासात डोणी चाटूनपुसून साफ झाली आणि डुकरे शांत झोपली, तर वाटा बरोबर आहे. खाणे उरले तर जास्त झाले. डोणी चाटतच राहिली तर कमी पडले.

खुराक घरी करता येतो. १०० किलोसाठी मक्याचा भरडा ५० किलो, कोंडा २७ किलो, शेंगदाण्याची पेंड १५ किलो, मासळीची भुकटी ६ किलो, खनिज मिश्रण दीड किलो आणि मीठ अर्धा किलो घ्यावे. वाढत्या डुकरांना हे चालते. पेंडीला बुरशी आलेली असेल तर ती फेकून द्या. तिचे विष उकळूनही जात नाही आणि ते काळजाला मारते. सोयाबीन कच्चे घालू नका. भाजून किंवा चांगले शिजवून घाला, नाही तर ते पचत नाही.

गाभण डुकरिणीचा वाटा निराळा. ती सतत भुकेली दिसते. दया येऊन फार खुराक घातला तर ती लठ्ठ होते. लठ्ठ डुकरिणीला विताना त्रास होतो. व्याल्यावर ती नीट खात नाही. तिच्या जड अंगाखाली पिल्ले चेंगरतात. म्हणून तिला दिवसाला दोन-अडीच किलोच खुराक द्या. पण पोट रिकामे ठेवू नका. लसूणघास, रताळ्याचे वेल, हिरवा पाला असे भरीचे खाणे भरपूर घाला. भुकेली डुकरीण तासन् तास गज चावत बसते किंवा रिकामे तोंड हलवत राहते. हा तिचा चाळा नव्हे. ते भुकेचे आणि कंटाळ्याचे लक्षण आहे.

व्याल्यावर मात्र हात आखडू नका. आठवडाभरात खाणे हळूहळू वाढवा. मूळच्या दोन किलोंवर दर पिल्लामागे पाव ते अर्धा किलो जास्त द्या. आठ पिल्ले असतील तर चार ते सहा किलो होतात. हे एका वेळी खाणे तिला जमत नाही. तीन वेळा विभागून द्या. आई खंगली की पिल्ले खंगतात.

आणखी एक गोष्ट. डुकराचे नाक उकरण्यासाठीच असते. मोकळे असले तर ते दिवसाचा बहुतेक वेळ खाणे हुडकण्यात घालवते. गोठ्यात दोन जेवणांच्या मध्ये त्याला काही काम उरत नाही. मग ते दुसऱ्याची शेपटी चावते. म्हणून थोडे वाळले गवत, भाताचा पेंढा किंवा पाला टाकून ठेवा. त्यात त्याचा वेळ जातो आणि भांडणे कमी होतात.

पाणी

खरकट्यातले पाणी पुरत नाही. एक किलो सुके खाणे खाल्ले तर डुकराला दोन-तीन लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून जास्त लागते. पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसाला १५ ते ३० लिटर पाणी हवे. पाणी कमी झाले की दूध कमी होते.

हॉटेलच्या खरकट्यात मीठ फार असते. पाणी मिळाले नाही तर ते मीठ विषासारखे होते. डुक्कर आंधळ्यासारखे भिंतीवर आपटते, गोल फिरते आणि त्याला झटके येतात. अशा वेळी घाबरून एकदम बादलीभर पाणी पाजू नका. त्याने जीव जाईल. थोडे थोडे पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. पण ही वेळ येऊच नये. स्वच्छ पाण्याचे भांडे दिवसभर भरलेले ठेवा.

खरकटे उकळूनच घाला

खरकट्यातून रोग येतो. २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर नावाचा डुकरांचा रोग आला. आपल्या देशात तो तेव्हा पहिल्यांदाच आढळला. पुढे तो इतर राज्यांतही पसरला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे गोठेच्या गोठे रिकामे होतात. त्यावर औषध नाही. न शिजलेल्या डुकराच्या मांसात या रोगाचे विषाणू पुष्कळ दिवस जिवंत राहतात. म्हणून डुकराच्या मांसाचे तुकडे डुकरांना कधीच घालू नका. बाकीचे खरकटे उकळी फुटल्यावर तासभर ढवळत शिजवा आणि गार करून घाला. कच्च्या खरकट्याची बादली गोठ्यात नेऊ नका.

डुकरे उकिरड्यावर आणि उघड्या हागणदारीत मोकळी सोडू नका. माणसाच्या विष्ठेत पट्टकृमीची अंडी असली की ती डुकराच्या पोटात जातात. त्याच्या मांसात बारीक फोड होतात. ते मांस कच्चे राहिले आणि माणसाने खाल्ले, तर त्याच्या आतड्यात कृमी वाढतो. मग त्याच्या विष्ठेतून पुन्हा अंडी बाहेर पडतात. ती अंडी अस्वच्छ हातांतून किंवा पाण्यातून माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होतात आणि फेफरे येते. आपल्या चुलीपाशी बसलेल्या लेकरालाही हे होऊ शकते. संडास वापरणे, हात धुणे, डुकरे बांधीव जागेत ठेवणे आणि मांस पुरते शिजवणे, हे चार उपाय आहेत.

कोणी म्हणेल, "डुकराचा एवढा थाट कशाला?" डुकरे पाळणाऱ्याला गावात कोणी नाक मुरडतात. पण २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली. तेवढ्यांवर किती घरांच्या चुली पेटत असतील याचा विचार करा. धंदा कष्टाचा आहे. त्यात लाज कसली? आणि जनावर आपल्या ताब्यात आहे, तर त्याला वेळेवर घास देणे आपले काम आहे. ते मागायला दुसरीकडे जाऊ शकत नाही.

वहिनींच्या घरी पुढे काय झाले

वहिनींनी त्याच आठवड्यात तीन गोष्टी केल्या. दुबळी चार पिल्ले वेगळी काढली. जावेसारखी लांब डोणी केली. हॉटेलची बादली केव्हाही येवो, खाणे सकाळी सातला आणि संध्याकाळी सहालाच घालायचे ठरवले. आलेले खरकटे उकळून झाकून ठेवू लागल्या.

आम्ही त्यांना एक वही दिली आणि एक दोरी. दर पंधरा दिवसांनी पिल्लाच्या पुढच्या पायांमागे छातीला दोरी गुंडाळायची आणि गाठ मारायची. गाठ पुढे सरकली तर पिल्लू वाढले. जागेवर राहिली तर कुठे तरी चुकते आहे. दिवस, वार आणि गाठ वहीत लिहायची.

दिवाळीला व्यापारी आला. चार पिल्ले सुधारली होती, पण तिघांच्या बरोबरीला आली नव्हती. लहानपणी मागे पडलेले पिल्लू पुरते भरून निघत नाही. पैसे कमी आले. मुलीच्या फीला उरलेली रक्कम धाकटीने दिली.

"जाऊबाई, पुढल्या खेपेला फेडा," ती म्हणाली.

पुढल्या खेपेला वहिनींची डुकरीण पुन्हा नऊ पिल्ले व्याली. आठ जगली. आठही एका मापाची निघाली. आम्ही गेलो तेव्हा वहिनींनी वही पुढे केली. अक्षर वाकडे होते, पण एकही दिवस सुटलेला नव्हता.

लक्षात ठेवा

१. खाणे रोज ठरलेल्या वेळी घाला.
२. सगळ्यांना एकदम खाता येईल अशी लांब डोणी ठेवा.
३. एका मापाची डुकरे एकत्र ठेवा, दुबळी वेगळी काढा.
४. स्वच्छ पाणी दिवसभर ठेवा.
५. पिल्लाला पहिल्याच दिवशी चीक पाजा.
६. खाणे एकदम बदलू नका. सात दिवस लावा.
७. खरकटे तासभर उकळा. बुरशीचे खाणे फेका.
८. दर पंधरा दिवसांनी माप घ्या आणि वहीत लिहा.